हाऊ ते चुल्हाच शे, मोटर लायेल

लाकडावरचं जेवण पाहिजे पण लाकूड फोडायचं नाही, फुंकणी हातात धरायची नाही, आणि भिंतीतल्या प्लगमध्ये पिन खोचल्याशिवाय ती पेटणारच नाही, अशी एक चूल अमेरिकेत लोकांच्या मागच्या अंगणात उभी असते. पेलेट ग्रिल म्हणतात तिला, कुणी पेलेट स्मोकर म्हणतं, वस्तू तीच. माझा भाचा टेक्सासात असतो, त्याच्याकडे आहे, आणि तो माझ्या मागेच लागलाय की मामा तुम्ही जळगावात राहून, एवढं अंगण असून गॅसवर वांगी भाजता, लोक काय म्हणतील. आता गॅसवर भाजतो हे खरंय, दर खेपेला शेतात कोण जाणार, पण त्याचं बोलणं लागलं हेही खरंय, म्हणून मग मी बघायला लागलो की ही चीज नेमकी काय आहे आणि आपल्याकडे घेण्यात काही अर्थ आहे का.

माझा एक स्वभाव आहे, वस्तू आतून कशी चालते हे कळल्याशिवाय खिशातून पैसे सुटत नाहीत. तर ही अशी चालते. बाजूला एक डबा असतो, हॉपर, त्यात लाकडाच्या गोळ्या भरायच्या. गोळ्या म्हणजे भुसा प्रचंड दाबाने बारीक छिद्रातून काढून केलेल्या कांड्या, जाडी साधारण 6 मिमी. त्यात वेगळा डिंक लागत नाही, दाबाने भुसा गरम होतो, लाकडातलंच लिग्निन मऊ पडतं आणि गार झालं की सगळं घट्ट धरून बसतं. डब्याच्या तळाशी एक स्क्रू फिरतो, आपल्या एमआयडीसीतल्या दाल मिलमध्ये डाळ पुढे सरकवायला असतो तसाच, तो या कांड्या थोड्या थोड्या ढकलत मधल्या एका लहानशा लोखंडी भांड्यात पाडतो. तिथे हीटरचा रॉड आहे, तो सुरुवातीची काही मिनिटं लाल होऊन गोळ्या पेटवतो आणि बंद होतो, पुढे पंखा हवा देत राहतो. विस्तवाच्या वर जाड पत्रा आडवा, म्हणजे ज्वाळा थेट अन्नाला लागत नाही आणि चरबी पत्र्यावरून वाहून बाजूच्या डबीत जाते. या सगळ्यावर एक कंट्रोलर. तुम्ही 110 डिग्री म्हणालात की तो आतलं तापमान बघत राहतो, कमी झालं तर स्क्रू जास्त फिरवतो, वाढलं तर कमी. मॉडेलप्रमाणे साधारण 80 पासून 260 डिग्रीपर्यंत जाते.

ओरेगॉन राज्यातल्या माउंट एंजल नावाच्या गावात जो ट्रेगर या माणसाने 1980 च्या दशकात हे जमवलं, घर गरम करायच्या पेलेट स्टोव्हची कल्पना उचलून स्वयंपाकाला लावली, 1986 मध्ये पेटंट मिळालं. ते 2006 मध्ये संपलं आणि मग बाकीच्या कंपन्या तुटून पडल्या, म्हणून आज एवढी मॉडेल दिसतात की निवडताना डोकं फिरतं.

मी मोबाईलवर हा सगळा प्रकार आमच्या ओळखीच्या वेल्डरला दाखवला. तो मूळचा धुळ्याकडचा, अहिराणीच बोलतो, त्याने व्हिडिओ पूर्ण पाहिला, मागे घेऊन परत पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हाऊ ते चुल्हाच शे, मोटर लायेल." म्हणजे ही तर चूलच आहे, मोटर लावलेली. मला ते पटलं आणि थोडं नाहीही पटलं. कारण चुलीवर तुम्ही विस्तवाच्या वर शिजवता, आणि इथे विस्तव कुठेतरी खाली झाकलेला, वर फक्त गरम हवा आणि धूर फिरतोय. म्हणजे ही खरं तर लाकूड खाणारी ओव्हन. आणि हा फरक आपल्या खान्देशात भलताच महत्त्वाचा आहे, वांग्यामुळे.

बाहेरच्या कुणी वाचत असेल तर सांगतो, आमच्याकडे भरीत म्हणजे बाजूला चमचाभर वाढायची गोष्ट नाही, ते जेवण आहे. बामणोद, असोदा इकडची हिरवट पांढरी मोठाली वांगी, बिया कमी, गर भरपूर, जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुटतात आणि तिथून पुढे थंडीभर शेताशेतात भरीत पार्ट्या. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, नाहीतर तुरीच्या काट्यांचा थर, त्यावर वांगी, वर परत काड्या, आणि द्यायची काडी. भडका असा उठतो की दोन पावलं मागे सरावं लागतं. दहा-पंधरा मिनिटांत साल काळी ठिक्कर, आतला गर लोण्यासारखा, मग सोलून लाकडी बडगीत ठेचायचा, त्यात तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. त्या भरीताला जो वास असतो तो कुठून येतो तर जळलेल्या सालीतून. साल जळते, तिच्या आत गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि सालीचा धूर आत मुरतो. त्याला मोठा जाळ पाहिजे, थेट, आणि थोडाच वेळ.

पेलेट ग्रिलची अडचण नेमकी उलटी आहे. ती सगळ्यात छान धूर देते मंद तापमानाला, 80 ते 110 डिग्रीच्या आसपास, कारण तेव्हा गोळ्या सावकाश धुमसतात. तापमान चढवलं की पंख्याची हवा आणि कोरड्या गोळ्या मिळून इतकं स्वच्छ जळण होतं की धूर जवळजवळ नाहीच. म्हणजे वांगं 250 डिग्रीला ठेवलं तर ते भाजेल, मऊ होईल, पण साल नुसती सुरकुतेल, आणि वास ओव्हनमधल्या वांग्यासारखा. मंद ठेवलं तर धुराचा वास लागेल पण वांगं तासभर पाणी सोडत बसेल. काही मॉडेलमध्ये मधला पत्रा सरकवून थेट ज्वाळेवर भाजायची सोय असते, पण ती जागा तळहाताएवढी, तिच्यावर आमच्या भरीताचं काय होणार. भाच्याला मी हे सांगितलं तर म्हणाला "मामा, आधी थोडा वेळ मंद धूर द्या, मग बाहेर काढून गॅसवर साल जाळा." म्हणजे शेवटी गॅस आलाच ना भाऊ.

पण एवढ्यावरून तिला निकालात काढणं बरोबर नाही. ती भरीतासाठी बनलीच नाही. तिचं काम आहे मोठा, चिवट मांसाचा तुकडा सहा सहा, आठ आठ तास 110-120 डिग्रीला धरून ठेवायचं. बोकडाची अख्खी रान, म्हणजे मांडी, घ्या. तिच्यात जे पांढरे चिवट पडदे असतात ते कोलॅजन, ते विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला तुकड्याच्या आतलं तापमान 90 च्या वर न्यावं लागतं आणि वेळ द्यावा लागतो. मध्ये 65-75 डिग्रीला एक गंमत होते, मांसाला अक्षरशः घाम फुटतो, पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं आणि थर्मामीटरच्या काट्याचं हलणं बंद होतं, तासन् तास. नवखा माणूस इथे घाबरून आग वाढवतो. तिकडचे लोक या टप्प्यावर तुकडा कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात. आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीच्या बागा असताना फॉइल कशाला, विस्तवावर जरा शेकवून मऊ केलेलं केळीचं पान दुहेरी गुंडाळलं की झालं. आणि बोकडाच्या मटणाला चरबी बेताचीच, त्यामुळे पान गुंडाळणं इथे जास्तच गरजेचं, नाहीतर वरून लाकूड होतं.

दुसरा उपयोग मला स्वतःलाच सुचला आणि मला तो रानीपेक्षा जास्त आवडतो. आपला काळा मसाला. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवात खरपूस भाजून वाटणं हे आपल्या रश्शाचं मूळ, म्हणजे धूर आपल्या रश्शात आधीपासूनच आहे, गॅस आल्यावर तो गेला एवढंच. मंद धुरात कांदे, लसणाचे गड्डे, खोबऱ्याच्या वाट्या ठेवल्या आणि मग वाटण केलं तर? आणि मिरची. मेक्सिकोतली चिपोटले म्हणतात ती दुसरंतिसरं काही नाही, पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवलेली. नंदुरबारला लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या आपण लहानपणापासून बघतोय, उन्हात वाळतात त्या, त्यातली थोडी मिरची धुरावर वाळवून बघावी असं कधी मनात आलं नाही. शेवभाजीच्या रश्शात ती काय करेल ते करूनच बघावं लागेल.

आता खरा प्रश्न, गोळ्या. व्हिडिओवाले ग्रिलच्या पत्र्यावर, बिजागरीवर, ॲपवर अर्धा अर्धा तास बोलतात आणि गोळ्यांवर दोन मिनिटं, कारण तिकडे 9 किलोची बॅग कुठल्याही मोठ्या दुकानात पंधरा-वीस डॉलरला पडलेली असते. मंद तापमानाला तासाला अर्धा ते एक किलो गोळी जाते, तापमान चढवलं की त्याहून जास्त. म्हणजे एक रान म्हणजे निम्मी बॅग. इथे ती बॅग तुम्ही मागवणार, भाडं भरणार, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात हिकरी किंवा मेस्किट लिहिलेलं असलं तरी बऱ्याच पाकिटांत मुख्य लाकूड ओक किंवा आल्डर असतं, नावाचं लाकूड थोडं, शंभर टक्के असेल तर तसं वेगळं लिहितात.

आणि मेस्किट म्हणजे काय माहितीये का? टेक्सासवाले ज्याच्या धुराचं एवढं कौतुक करतात ते झाड आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. आपल्याकडे पाटाच्या कडेने, पडीक रानात, रेल्वे लाइनच्या बाजूने जी विलायती बाभूळ माजलीय, प्रोसोपिस ज्यूलिफ्लोरा, तिचं मूळ अमेरिका खंडातलंच. जे झाड तोडायला आपण जेसीबी लावतो त्याच्याच घराण्यातल्या लाकडाचा भुसा सातासमुद्रापलीकडून मागवायचा, हे माझ्या काही पचनी पडेना.

मग साहजिकच कुणी म्हणेल की इथेच मिळणाऱ्या गोळ्या वापरा की. मिळतात, नाही असं नाही. शेतातल्या काडीकचऱ्याच्या, सोयाबीनच्या, शेंगांच्या टरफलांच्या गोळ्या बॉयलरसाठी विकल्या जातात, कोळशाच्या वीजकेंद्रांनीही कोळशात काही टक्के अशा गोळ्या मिसळाव्यात असं धोरण केंद्राच्या ऊर्जा खात्याने 2021 मध्ये आणलं. पण त्या अन्नासाठी केलेल्या नसतात हे डोक्यात पक्कं ठेवायचं. त्यात साल, माती, प्लायवूडचा भुसा, रंगवलेलं लाकूड काय काय आलंय ते विचारायची सोय नाही, राखही चांगल्या लाकडापेक्षा पुष्कळ जास्त, ते छोटं भांडं भरून विस्तव गुदमरतो. आणि कपाशीवर किती फवारण्या होतात ते मी काय सांगू. यावर आमच्या सौभाग्यवतींनी लगेच पकडलं, "मग पऱ्हाट्यांवर वांगी भाजता त्याचं काय?" माझं उत्तर असं की तो भडका थोड्या वेळाचा आणि साल आपण काढून टाकतो, सहा तास तोच धूर मांसात मुरवणं वेगळं. उत्तर माझ्यापुरतं आहे, तिचं समाधान झालेलं नाही, आणि आमच्या शेतात यंदा वांग्यांना तुरीच्याच काट्या लावायच्या असं ठरलंय.

पावसाळा ही दुसरी गोष्ट. गोळीला ओल लागली की ती फुगते आणि परत भुसा होते, तो भुसा स्क्रूमध्ये बसला की सिमेंटसारखा घट्ट, सगळं खोलून कोरत बसा. हॉपर रिकामा करून गोळ्या झाकणाच्या डब्यात ठेवायच्या, एवढी शिस्त ज्या घरात आहे त्यांनीच हे घ्यावं.

वीज तर विचारूच नका. रॉड पेटताना तीनेकशे वॅट, नंतर पंखा, मोटर मिळून पन्नासच्या आसपास, म्हणजे इन्व्हर्टरवर आरामात चालेल. पण मध्येच वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर नुसता स्वयंपाक थांबत नाही. पंखा बंद पडला की विस्तव भांड्यातच धुमसत राहतो, आणि क्वचित स्क्रूच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकतो. म्हणूनच ही मशीन एकदम बंद करायची नसते, तिची स्वतःची बंद व्हायची पद्धत असते, पंखा शेवटची गोळी जळेपर्यंत फिरतो. आणि विस्तव मध्येच विझला असेल तर परत चालू करण्याआधी भांड्यात साचलेल्या गोळ्या काढायच्याच, नाहीतर सगळ्या एकदम पेटून झाकण उडेल असा भपका. भाच्याने एकदा सहज सुचवलं की माझीच जुनी पाठवून देतो, तर तिकडचा करंट 120 व्होल्ट 60 हर्ट्झ, आपला 230 आणि 50. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतील, हर्ट्झ नाही उतरत, आणि जुन्या मॉडेलमधली एसी मोटर 50 वर सावकाश फिरते, म्हणजे गोळ्याच कमी पडणार. नको म्हटलं बाबा, तुझी तुलाच राहू दे.

इथपर्यंत माझं मत तयार झालं होतं की हे आपल्यासाठी नाही, आणि मी ते जेवताना जरा ऐटीत सांगितलं, जाळाची मजा वेगळी, विस्तवापाशी उभं राहण्यात जी गंमत आहे ती बटण दाबून येत नाही वगैरे. त्यावर ही म्हणाली, "तुम्ही वर्षातून चार दिवस शेतात उभे राहता, हातात ग्लास, गप्पा चालू, त्याला गंमत म्हणता. माझ्या आईने जन्मभर फुंकणी फुंकली. तिला कुणी स्वतःचा विस्तव स्वतः सांभाळणारी चूल दिली असती ना, तर तिने आधी हात जोडले असते." मी गप्प भाकरी खाल्ली. भरीत पार्टीत वांगी भाजायला सगळे पुरुष पुढे असतात आणि घरी चुलीपुढे कोण बसायचं हे काय मला माहीत नाही होय. तर मशीनमधलं जे खरं काम आहे, तापमान धरून ठेवायचं आणि माणसाला मोकळं करायचं, ते काही चोचले नाहीत. ज्याच्याकडे पैसे आहेत, अंगणात शेड आहे, इन्व्हर्टर आहे, गोळ्या खात्रीने मिळतायत आणि जो महिन्यातून दोनदा पाहुणे बोलावून मटण-चिकन करतो, त्याने खुशाल घ्यावी. घेताना पत्रा जाड बघा, कंट्रोलर पीआयडी पद्धतीचा, म्हणजे तापमान किती चुकतंय ते सतत बघून जुळवून घेणारा बघा, जुन्या प्रकारात स्क्रू नुसता ठरावीक सेकंदांनी फिरतो आणि तापमान झोके खातं. राखेचं भांडं काढायला सोपं आहे का ते बघा. ॲप असो नसो, काही फरक पडत नाही. आणि चरबीचा पत्रा दर वेळी खरवडायची तयारी ठेवा, त्या चरबीनेच आगी लागतात.

आमचं मात्र वेगळंच ठरलंय, आणि ते वेल्डरच्या डोक्यातून निघालं. 200 लिटरचा लोखंडी ड्रम, खाली कोळशाची जाळीची टोपली, वर जाळी, झाकण, तळाला हवेचं भोक. ड्रम सापडणं अवघड नव्हतं, पण आधी त्यात काय होतं ते महत्त्वाचं, केमिकलचा किंवा औषधाचा फुकट मिळाला तरी नको, आतून रंगाचा लेप असलेलाही नको, आणि जाळीला जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा-तार अजिबात नाही, जस्त तापलं की त्याचा धूर विषारी. खाद्यतेलाचा ड्रम घेतला, तोही आधी रिकामाच मोठ्या जाळाने आतून जाळून काढायचा. धुरासाठी कोळशावर पेरूच्या, बोरीच्या, चिंचेच्या लाकडाचे दोन-तीन ठोकळे.

आणि तापमान कोण धरणार, तर कंट्रोलर. जळगावच्या एमआयडीसीत पाइप आणि चटयांचे एवढे कारखाने, त्यातल्या प्रत्येक एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबून काढणाऱ्या मशीनवर, पीआयडी टेंपरेचर कंट्रोलर आणि तापमान मोजणारं थर्मोकपल बसवलेलं असतं, सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतं. तोच ड्रमला लावायचा, त्याने 12 व्होल्टचा छोटा पंखा चालू-बंद करायचा, हवा मिळाली की कोळसा फुलतो, थांबली की मंदावतो. पंखा आणि कंट्रोलर दोन्ही 12 व्होल्टचे बघून घेतले की सगळं मोटारसायकलच्या बॅटरीवर चालतं, लोडशेडिंगचा विषयच मिटला. झाकण काढून टोपली वर उचलली की तोच उघडा जाळ, त्यावर वांगी भाजता येतील का हे वेल्डर म्हणतो येतील, मी म्हणतो कोळशाला भडका नसतो. ते तुरीच्या काट्यांवरच बरं.

हिने एकच अट घातलीय, कंट्रोलरची बटणं तिला आधी शिकवायची, मला नंतर.

लाकडाची जमवाजमव तेवढी बाकी आहे. यावल-चोपडा भागात कुणी पेरूची किंवा बोरीची छाटणी करत असेल तर मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या बाजूला ठेवा, मी येऊन घेऊन जाईन, नुकती फवारणी झालेली बाग मात्र नको.